घाटावरची ट्यूब

भाऊ बुडाला त्या वर्षी केरबानं पंचगंगेच्या घाटावर खिळा ठोकून ट्रकची ट्यूब आणि वीस हात दोर टांगला. मागं भिंतीवर रंगानं लिहिलं, "कुणीबी घ्या. विचारू नका." तीन वर्षांत पाच माणसं तिच्या आधारानं काठाला लागली.

२००४ च्या खंडेनवमीला तालमीच्या पोरांनी ती ट्यूब कौतुकानं उचलून नेली आणि गदा-तलवारींच्या शेजारी पूजेत मांडली. "पाच जीव वाचवल्यात हिनं. आपलं खरं हत्यार हेच की."

दुपारी धुणं धुताना गल्लीतल्या बाळाबाईचा पाय घसरला आणि ती धारेला लागली. तिची लेक दीप्ती ट्यूब मागायला तालमीकडं धावली.

दारातला पैलवान गडबडला. "पुजलेलं हत्यार उद्यापतोर हलवायचं नसतंय, पोरी. थांब, वस्तादास्नी इचारून येतो."

वस्ताद घरी जेवत होते. ते ताटावरनं उठले. "आरं, हे इचारायला आलास व्हय?"

ट्यूब घाटावर पोचली तेव्हा पाण्यावर नुसती बादली तरंगत होती.



दुसऱ्या दिवशी केरबानं ट्यूब परत खिळ्याला अडकवली आणि भिंतीवर खाली एक ओळ वाढवली, "खंडेनवमीच्या पूजेला सोडून."