मागच्या भिंतीचा देव

"रोज आंघोळ झाली का इथं लोटाभर पाणी टाकत जा. टाकल्याबिगर चाय पिऊ नको."

भाऊसिंग असं म्हणाला होता आणि घराच्या मागच्या भिंतीशी नुकत्याच बुजवलेल्या मातीकडे त्यानं बोट दाखवलं होतं. काहून, असं रुपाबाईनं विचारलं, तर म्हणाला, घराचं भलं हाये त्यात. बस, एवढंच.

रुपाबाईला तेवढं पुरलं. देवळाची पायरी कधी न चढलेला नवरा पाणी घालायला सांगतो, म्हणजे जागेत काहीतरी असणारच. तिनं ओढ्यातला एक गोल धोंडा आणून तिथं ठेवला, शेंदूर लावला, हात जोडले. भाऊसिंग ओट्यावर चहा घेत रोज नुसता पाहत बसायचा. फक्त एकदा, भावाच्या आजारपणात ती माहेरी राहिली, तेव्हा नेम मोडला. त्याची चुटपुट तिला अजून होती. आता भाऊसिंगला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. पाणी चालूच होतं.

आणि आज प्रसेनजित तिथं कुदळ घेऊन उभा होता.

घरातली सगळी वायरिंग भाऊसिंगच्या हातची, गावात नवी नवी लाइन आली तेव्हाची. गेल्या आठवड्यात सुनेनं, शीलानं, फ्रिजचं दार उघडलं आणि झटका बसून ती मागे फेकली गेली. ती पोटुशी होती. राजपालनं आईला विचारलंसुद्धा नाही, शेलूबाजारहून वायरमन प्रसेनजितला बोलावून आणलं. सकाळपासून भिंतींवरच्या लाकडी पट्ट्या निघत होत्या. जुन्या वायरचं रबर बोटात पापडासारखं मोडत होतं. रुपाबाईची कशालाच हरकत नव्हती. पण एक उघडी तार भिंतीवरून खाली उतरली होती, आणि तिच्या मागे मागे जात प्रसेनजित धोंड्यापाशी पोचला.

रुपाबाई धोंड्यापुढे बसून राहिली. सोमवारचा उपास होता. सकाळी साखरेच्या गोळीवर घेतलेल्या घोटाशिवाय पोटात काही नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, बाकी सारं घर खोदा, माही ना नाही. हे नाही.

प्रसेनजितनं कुदळ बाजूला ठेवली. मावशी, मावशी करत तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात त्यानं सगळं समजावलं. या धोंड्याखाली खड्डा आहे. त्यात कोळसा, मीठ आणि एक पत्रा. घरात कुठं करंट फुटला तर तो या तारेनं जमिनीत जातो, माणसाच्या अंगात येत नाही. त्यासाठी माती ओली लागते, म्हणून पाणी. पण तार आता मातीतच सडली आहे, म्हणून शीलाला झटका बसला. जुनं काढून नवं गाडल्याशिवाय इलाज नाही.

"म्हणजे म्या इतके वर्षं मिठाले हात जोडले," रुपाबाई म्हणाली.

शीलाला हसू येत होतं, ते तिनं सासूचा चेहरा पाहून गिळलं. रुपाबाईच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या सकाळी उभ्या राहिल्या. ओट्यावर बसलेला भाऊसिंग. त्याला ठाऊक होतं. तो पाहत होता, तरी त्यानं तिला एका शब्दानं सांगितलं नाही. हसत असंल मनात, ती पुटपुटली. पारावर जाऊन चार जणांत सांगत बी असंल.

राजपाल तिच्याजवळ येऊन बसला.

"माय, तू मामाकडं गेली होती ना, तवा बापूच पाणी टाकत होते. शेंदूरबी लावत. एक दिवस म्या पाह्यलं, हात जोडून उभे. म्या म्हटलं, बापू, तुमी तं देव मानत नाई. तं म्हणे, देव कायचा रे, अर्थिंग हाये, म्याच गाडली. पण तुही माय रोज हात जोडते. ती घरी नाई, तं तिचा नेम कोण करीन?"

आईला सांगायचं नाही, असं बापूनं बजावलं होतं, म्हणून इतके दिवस सांगितलं नाही, असंही तो म्हणाला.

रुपाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. धोंडा पदरात घेतला. खोद म्हणाली. मीठ दुकानातून आणू नको, घरात जाडं मीठ हाये, ते घे, आणि घालताना हात आखडू नको.

"मावशी, नव्याले बी पाणी टाका लागते बरं," प्रसेनजित म्हणाला.

"ते तू मले शिकवू नको," ती म्हणाली.

दुपार कलेपर्यंत काम उरकलं. फ्रिजच्या दाराला आधी राजपालनं हात लावला, मग भीत भीत शीलानं. काही झालं नाही. शीला हसत ताटं घ्यायला गेली.

रुपाबाई चुलीशी भिंतीला टेकून बसली होती. साखर उतरून हात कापत होते. सोमवारी हे असं व्हायचंच. शेवटच्या दुखण्यात भाऊसिंगनं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, साखरेची गोळी घेऊन उपाशी राहू नको. त्याचा डोळा लागावा म्हणून ती हो म्हणाली होती. मग मात्र तिनं मनाची समजूत घातली, की जो देवच मानत नाही त्याला दिलेला शब्द देव धरत नाही. एकही सोमवार सोडला नव्हता.

तिनं उठून हात धुतले. राजपालशेजारी पाट ओढला आणि शीलाकडे भाकर मागितली.

"आई, आज सोमवार हाये ना?" शीलानं विचारलं.

रुपाबाईनं हो म्हणून मान हलवली आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडला.