सायीचा रंग

चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी या संगणकाचं कवच आखलं होतं. आता प्रदर्शनासाठी मुलगी ते रंगवणार होती. तिने कवचाशी जुळवून पिवळा रंग कालवला, तसे वडील कडाडले, “पिवळा नाही गं, सायीचा रंग होता!” “बाबा, समोर पिवळाधमक दिसतोय की. सकाळी मलाच आत्याच्या नावाने हाक मारलीत.” हल्ली घरात त्यांचं म्हणणं कुणी मानत नव्हतं; त्यांचा स्वतःवरचा भरवसाही उडत चालला होता. रंगवण्याआधी मुलीने पाठीमागचं क्रमांकाचं लेबल नखाने उचकटलं. लेबलखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथलं प्लास्टिक ताज्या सायीच्या रंगाचं होतं. तिने रंगाचा डबा बाजूला सारला, वही उघडली आणि वडिलांसाठी खुर्ची ओढली. “बाबा, बटणं कोणत्या रंगाची होती?” “राखाडी. एकच केशरी. साहेब नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.”