चमचाभर हळद

अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन महिने माझे सासरे अण्णासाहेब एक शब्द बोलले नव्हते. "आवाज गेलेला नाही, त्यांना बोलतं करा," एवढं सांगून परभणीचे डॉक्टर मोकळे झाले. कसं करायचं ते आमचं आम्ही बघायचं.

एकादशी आली. उपास ते काही केल्या सोडेनात, म्हणून मी मोबाईलवर बघून शेंगदाण्याचं दूध घातलेलं दाटसर सूप केलं. सासूबाई सकाळपासून ओट्याशी यायच्या, अण्णांच्या खाटेशी जायच्या, परत यायच्या. मी जरा पाठ वळवली, तेवढ्यात त्यांनी वाटीतल्या सुपात चमचाभर हळद ढवळली!

"आई, काय करायलात? उपासाचं आहे ते!"

पण त्या वाटी घेऊन गेल्यासुद्धा. मी मागं धावले. अण्णांनी त्या पिवळ्याधमक वाटीकडे बघितलं. मान थरथरली, ओठ वेडेवाकडे झाले.

"ह… हळद? उ… उपासाला हळद?"

 

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाल्या, "जा, पातेल्यातलं पांढरं सूप आण आता. पण जरा दमानं आण, त्यांचं रागवून होऊ दे."