डिटेक्टिव्हची फेरी

“सुमित्रा देवधर,” क्लार्कने नाव पुकारलं. “बोलायला तीन मिनिटं.”

सुमित्राबाई उठल्या. अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या एका लहानशा गावाचं निवडून आलेलं बोर्ड २००४च्या त्या संध्याकाळी बजेट घेऊन बसलं होतं. कापायचं पद एकच होतं: लैंगिक गुन्हेगारांच्या यादीतल्या लोकांच्या घरी जाऊन तपासणी करणाऱ्या डिटेक्टिव्हचं. “यादी वेबसाइटवर आहेच,” मेयर म्हणाले होते. “ज्याला हवी त्याने बघावी.”

त्या यादीत सुमित्राबाईंचा मुलगा होता. सत्यजित, वय बत्तीस. एका लहान मुलीच्या बाबतीतला गुन्हा, पाच वर्षांचा तुरुंग, आणि आता दोन वर्षं आईवडिलांच्या बेसमेंटमध्ये. महाराष्ट्र मंडळात मात्र त्यांनी मुलगा टेक्ससला असतो असं सांगून ठेवलं होतं. डिटेक्टिव्ह डोलन न कळवता यायचे. खोली बघायचे, कॉम्प्युटर उघडायला लावायचे. त्यांची गाडी दारात थांबली की सुमित्राबाईंचे पती दिगंबरराव भराभरा पडदे ओढून घ्यायचे. पद जाणार ही बातमी वाचून ते म्हणाले होते, “चला, सुटलो एकदाचे.”

लायब्ररीत जाते, असं सांगून सुमित्राबाई इथे आल्या होत्या.

माइकपर्यंत जाताना तिसऱ्या रांगेत त्यांना मंडळातली शैलजा दिसली. शैलजाने ओळखीचं हसून हात हलवला. आता परत फिरलं असतं तरी चाललं असतं. कुणाला काहीच कळलं नसतं.

त्यांनी माइक खाली ओढला.

“माझा मुलगा तुमच्या यादीत आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

शैलजाचा हात हवेतच राहिला.

“या उन्हाळ्यात तो स्विमिंग पूलसमोर गाडी लावून बसायला लागला होता. मला म्हणाला, जॉबचे फोन करायला जातो. मला ते खरं वाटलं. डिटेक्टिव्ह डोलनना वाटलं नाही. ते दोनदा तिथे गेले, त्याच्याशी बोलले, आणि त्याचं तिथे बसणं बंद झालं.” त्यांनी दोन्ही हातांनी स्टँड धरला. “मी आई आहे. मला त्याचं पटकन खरं वाटतं. म्हणून माझ्या घरी असा माणूस यायला हवा, ज्याला ते लगेच खरं वाटत नाही. प्लीज, त्यांना काढू नका.”

तीन मिनिटांपैकी एकच संपलं होतं. त्या जागेवर जाऊन बसल्या. शेजारची बाई पर्स उचलून दोन खुर्च्या पलीकडे सरकली.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. पद राहिलं.

बाहेर पार्किंगमध्ये शैलजा आपल्या गाडीशी उभी होती. सुमित्राबाई जवळून गेल्या, तशी तिने मान फिरवली.

घरी दिगंबरराव टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता.

“लोकल चॅनलवर सगळं लाइव्ह दाखवलं,” ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले. “लोकांत आपली काय अब्रू राहिली आता? सत्यजितनेही पाहिलं, माझ्या शेजारी बसून.”

बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली. सुमित्राबाई दाराशीच उभ्या राहिल्या, कोटही न काढता. तो ओरडेल, नाहीतर बॅग भरून निघून जाईल, आणि गेला तर कुठे जाईल, कुणाच्या शेजारी राहील, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

सत्यजित वर आला. त्याचे डोळे सुजले होते.

“डोलन येणार ना?” त्याने विचारलं. “फॉर शुअर?”

“येणार.”

तो तिथेच वरच्या पायरीवर मटकन बसला.

“ते येणार नाहीत असं ऐकल्यापासून, आई,” तो म्हणाला, “मला माझीच भीती वाटत होती.”