जांभळी वाफ

घाटात पेट्रोलचा टँकर कलंडला, तेव्हा खालच्या वळणावर बशीरभाई टपरीत चहा उकळत होते. पेट्रोलमध्ये नवं रसायन मिसळायला लागल्यापासून त्याची वाफ डोळ्यांना दिसायची. ती जांभळी वाफ जमिनीला चिकटून, आवाज न करता खाली येत होती.

बशीरभाईंनी गॅस बंद करून शेगडीवर बादली ओतली. “गाड्या चालू करू नका! टेकाडावर चढा!”

सगळे वर चढले. वाफ टपरीत शिरली, विझलेल्या शेगडीभोवती फिरली आणि दरीत ओसंडली.

टँकरवर फेस मारून अग्निशमन दलाच्या यामिनी घोरपडे खाली आल्या. “सगळे सुखरूप?”

“सगळे,” बशीरभाई दरीकडे बघत म्हणाले. “माझा भाऊ अशाच वाफेत गेला, ताई. त्याला बिचाऱ्याला ती दिसलीच नव्हती.”