उजव्या हाताचं बीपी

"एकशे दहा. छान!" नर्स म्हणाली. मृदुलाने हुश्श केलं. तिच्या तान्हेपणी हृदयाजवळची अरुंद रक्तवाहिनी रुंद करताना डॉक्टरांनी डाव्या हाताची धमनी वापरली होती. तेव्हापासून त्या हाताचं बीपी कमीच दिसे. ठाऊक असूनही तिने डावाच हात पुढे केला होता. गोळ्या नको होत्या.

शेजारच्या खुर्चीवरची आई ताडकन उठली. दोन वर्षांपासून तिला लेकीचं नावही आठवत नव्हतं. "उजव्या हाताचं बघा, बाई. डावा खोटं बोलतो."

उजव्या हाताने एकशे सत्तर सांगितलं.

"वेळेत कळलं. रक्तवाहिन्या सांभाळता येतील," डॉक्टर म्हणाले. मृदुलाने भरल्या डोळ्यांनी आईचा हात धरला.

आईने मायेने थोपटलं. "घाबरू नका हं. माझ्या मुलीचंही असंच आहे. ठणठणीत आहे ती."