अकराव्या वर्षाची रायफल

चिझुरु दुकानात शिरली तेव्हा तिची रायफल आधीच निवडून झाली होती.

काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ती आडवी ठेवलेली होती. लांब नळी, मॅग्नम काडतुसांची, आणि वर मनगटाएवढी जाड दुर्बीण, सहापासून चोवीस पटींपर्यंत मोठं दाखवणारी. शेजारच्या स्टुलावर ओरिकासा काका चहा पीत बसले होते. वय बहात्तर, होक्काइदोच्या या कोपऱ्यातल्या शिकारी टोळीचे तेच म्होरके.

"ये पोरी. दहा वर्षं शॉटगन सांभाळलीस, आता कायद्यानं रायफल मिळेल. तुझं काम सोपं करून ठेवलंय मी. टोळीत सगळ्यांकडे हीच आहे."

दुकानदार योनेडांनी अर्ज पुढे सरकवला. पोलिसांचा परवाना एकाच बंदुकीचा असतो. त्या बंदुकीचा नंबर आज कागदावर चढला की मग मन बदलायला जागा नाही.

चिझुरुनं रायफल उचलली, बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखली. सहा पटींवर ठेवूनही इतक्या जवळ तिला एक करडा डाग तेवढा दिसला.

तिनं ती खाली ठेवली. "योनेडाजी, मागच्या रॅकमधली ती दाखवा. लाकडी दस्त्याची."

ती जुनी होती, आखूड नळीची, थ्री-नॉट-एट काडतुसांची. वर चार पटींची साधी दुर्बीण. चिझुरुनं खांद्याला लावली. कॅलेंडरवरचं गाईचं चित्र लगेच, पूर्ण, शिंगांसकट समोर आलं.

काका हसले. "अगं, ही काय भातुकलीत न्यायचीय? आपण बसतो त्या कड्यावरून या दुर्बिणीत हरीण उंदराएवढं दिसेल. तीनशे मीटर असतात पलीकडच्या उतारापर्यंत."

"तीनशेवरून मारायचंच नाहीये मला."

"मग?"

"चाळीस पावलं."

"आणि हरीण काय करेल तोवर? तुझ्यासाठी चहा टाकेल?"

योनेडांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात दाबलं आणि काडतुसांचे दोन डबे काढून ठेवले. दोन्हींत तांब्याच्या गोळ्या. शिशाच्या गोळ्यांना इथे केव्हाचीच बंदी आहे. एका डब्यात एकशेऐंशी ग्रेन वजनाच्या, दुसऱ्यात दीडशेच्या.

"जड घे, जड," काका म्हणाले. "एवढं तरी ऐक."

"नळीतल्या खाचांचा पीळ किती आहे?" चिझुरुनं विचारलं.

योनेडांनी चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचली. "बारा इंचांत एक फेरा."

"मग दीडशेच. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. एवढ्या सैल पिळात लांब गोळी नीट फिरणार नाही. आडवी लागेल. परवाना हातात आला की दोन डबे नेईन, माझ्या नावानं बाजूला ठेवा."

"पुस्तकं वाचून हरणं पडत नाहीत," काका म्हणाले. आता ते हसत नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला. "नीट ऐक. कड्यावर कोण बसणार ते मी ठरवतो. दहा वर्षं त्या जागेची वाट बघितलीस ना? ही खेळणी घेऊन आलीस तर तिथं जागा नाही. टोळीतही नाही. मग एकशेतीस किलोचा नर डोंगरावरून ओढणार कोण? तुझ्या गोठ्यातल्या गाई?"

"पडेल तिथंच कापेन. चार फेऱ्यांत आणेन."

"रक्ताच्या वासावर अस्वलं येतात."

"अस्वलं खालच्या बांबूत असतात, काका. दहा वर्षं मीही तिथंच होते."

योनेडांनी डब्यांवरची नसलेली धूळ पुसली. टोळीची रीत त्यांनाही ठाऊक होती. शॉटगनची गोळी लांब जात नाही, म्हणून शॉटगनवाल्यानं खाली थांबायचं. वरून रायफली वाजायच्या, जखमी हरीण छातीइतक्या उंच बांबूत घुसायचं आणि रेडिओवर हाक यायची: लागलंय, चिझुरु, आत जा.

"एकेचाळीस," चिझुरु म्हणाली. "'लागलंय' म्हणून तुम्ही सांगितलंत आणि मी आत गेले, अशी एकेचाळीस. जबडा उडालेली. पोट फाटलेली. एक मादी तीन पायांवर ओढ्यापर्यंत गेली होती. त्यांची शिंगं आणि फोटो तुमच्याकडे आहेत. शेवटची गोळी प्रत्येक वेळी माझी होती."

चिझुरुनं अर्ज जवळ ओढला. लाकडी दस्त्याच्या रायफलीचा नंबर तिनं एकेक आकडा वाचून लिहिला, परत एकदा ताडून पाहिला आणि खाली सहीऐवजी आपला लाल शिक्का दाबला.

काका उठले. टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"रविवारी पहाटे पाचला सगळे पुलाजवळ जमतायत," ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "वरून लागलं आणि ते बांबूत शिरलं, तर आत कोण जाणार?"

"तुम्ही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"रक्त दिसलं की लगेच शिरायचं नाही," चिझुरु कागदानं शिक्का पुसत म्हणाली. "अर्धा तास थांबायचं. मग गुडघ्यांवर जायचं, वारा तोंडावर घेऊन. पाला हलत नाही म्हणजे मेलं असं समजू नका, कान बघा. आणि जवळ गेलात की ते तुमच्याकडे बघतं, काका. तेव्हा मान फिरवायची नाही."